दोन किलो सिमेंट

तलावाच्या पाळीवर आता फाटक आहे.
माणशी दहा रुपये.
मामानं विसाची नोट पुढे केली
आणि दुसऱ्या हातातली थैली पाठीमागे नेली.
थैलीत दोन किलो सिमेंट, एक थापी,
थंड्याच्या बाटलीत मोजून भरलेली वाळू.

गव्याला भगदाड पडलंय, हे त्याला
बाजारात शिंगाडे विकणाऱ्या फुलवंतानं सांगितलं.
"उजव्या बगलेत. पोट्टे हात घालतेत."
तेव्हापासून मामा जेवताना मधेच थांबायचा.
नगरपंचायतीत दोन अर्ज दिले.
बाबूनं विचारलं, गवा म्हणजे कोणता गवा?
म्हणून मी आज सुट्टी टाकली, स्कूटी काढली.

आत शिरताच अक्षरं लागतात,
माणसाएवढी, लाल, 'माझं सोनझरी'.
दुसरा झ तोंडावर पडलाय,
त्याच्या पोटात कुत्री व्यालीय.
मग वाघ. वाघ मामाचा नाही,
तो नागपूरहून आला, फायबरचा,
ट्रकमध्ये उताणा, चारी पाय आभाळाकडे.

मामाचा एक गवा, दोन सारस
आणि जाळं फेकणारा एक ढिवर.
जाळं खरं होतं, म्हणून चोरीला गेलं.
आता तो नुसताच हात उगारून उभा आहे पाण्याकडे,
कोणाला तरी थांब म्हणत.

सारसांजवळ मामा नेहमी घाई करतो.
"सारसाचा पाय मागं मोडते, बाई.
मी माणसावानी पुढं मोडला."
इतक्या वर्षांत कोणाला दिसलं नाही.
नवी जोडपी त्याच गुडघ्यावर हात ठेवून फोटो काढतात.
"मंग पाहून नाही केले का?"
"पायलेच ना. रोज पायलो.
पण धानात उभे राहत ते.
गुडघे कधी दिसलेच नाही."

गव्याशी पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं.
बगलेत नारळाएवढं भोक, कडेला गंजकी सळई.
मामानं थैली खाली ठेवली,
चष्मा लावला, वाकला
आणि तसाच राहिला.

आतून कोणीतरी बघत होतं.
दोन पिवळे डोळे, ताणलेल्या भुवया,
जेवणाच्या सुट्टीत खिडकी वाजवली
की पोस्टमास्तर बघायचे तसे.
पिंगळा.
मान वर, मान खाली, मान पुन्हा वर.

मामा तीन पावलं मागे आला,
चप्पल न वाजवता.

मग आम्ही पाळीवर बसून शिंगाडे सोलले.
चांदवे पाण्यावर काळे काळे सांडले होते,
कमळपक्षी पानांवरून चालत होता
आणि पान बुडायच्या आत पुढच्या पानावर.
पलीकडे सोसायटीची डोंगी,
तिच्यात कोणीतरी मोबाईलवर भांडत होतं,
सगळं भांडण पाण्यावरून आमच्यापर्यंत येत होतं.
मामाला ऐकू येत नव्हतं.
"आत कोरडं हाये," तो म्हणाला,
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"पाणी गेलं असतं तं तो राह्यला नसता.
माल चांगला मारला होता मी."

सहाला चौकीदार इसराम शिट्टी फुंकत आला.
थैलीकडे बघून म्हणाला,
"काका, बुजवाचं होतं ना?"
"बुजवू. काहाची घाई हाये."

परतताना मामा सारसांपाशी थांबला, स्वतःहून.
सदरा खाली ओढला, केसांवर हात फिरवला.
"काढ एक फोटो. पण गुडघा येऊ देऊ नोको."
मी मागे सरले, पुढे सरले, बसून पाहिलं.
गुडघा आलाच.

सिमेंट पुढच्या पावसाळ्यात
थैलीतल्या थैलीत दगड झालं,
थैलीच्या सगळ्या चुण्यांसकट.
मामी आता त्यानं दार अडवते,
वारा सुटला की.